किन्झर पाच शर्यतींत परतला, लार्सन टिकला: मातीवरून डांबरावर येताना नेमकं काय होतं?

आयोवात डे मॉइनला राहणारे एक वाचक दर ऑगस्टला मित्रांबरोबर नॉक्सव्हिल नॅशनल्स ही मातीच्या ट्रॅकवरची स्प्रिंट कारची मोठी शर्यत बघायला जातात. त्यांनी विचारलंय की स्टीव्ह किन्झरने वर्ल्ड ऑफ आउटलॉज या स्प्रिंट कारच्या अव्वल मालिकेची २० विजेतेपदं मिळवली, स्प्रिंट कारमध्ये त्याच्या पासंगाला कुणी पुरत नव्हतं, मग १९९५ साली नॅसकारच्या कप मालिकेत, म्हणजे साध्या मोटारीसारख्या दिसणाऱ्या स्टॉक कारच्या डांबरावरच्या शर्यतींच्या सगळ्यात वरच्या पायरीवर, तो पाच शर्यतींतच का आटोपला? आणि काइल लार्सन त्याच मातीतून येऊन तिथे दोनदा विजेता कसा झाला? मातीवरचं कसब डांबरावर चालतं की नाही?

चालतं, पण उशिरा. पहिली दोनेक वर्षं तेच कसब ड्रायव्हरच्या मुळावर येतं. ती वर्षं फारसं कुणाचं लक्ष नसताना धडपडत काढायला मिळाली, तर पुढे त्याचं सोनं होतं. नाही मिळाली, तर २० विजेतेपदंही कामाला येत नाहीत. माझ्या मते किन्झर आणि लार्सन यांच्यातला मोठा फरक हाच. किन्झरचा हात लार्सनपेक्षा उणा होता असं म्हणायला मी तरी धजणार नाही.

मी गेली सतरा वर्षं नॉर्थ कॅरोलायनात स्टॉक कारच्या टीममध्ये आहे. शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि टायरचा डेटा हे माझं खातं. शार्लटच्या विद्यापीठात मोटरस्पोर्ट्स इंजिनिअरिंग शिकायला आलो तेव्हा शनिवार-रविवार एका स्प्रिंट कारवाल्याकडे फुकट राबायचो. काम काय, तर प्रत्येक हीट, म्हणजे छोटी प्राथमिक फेरी, झाली की गाडीला चिकटलेली माती खरवडून काढायची. ती माती किती जड असते ते खरवडल्याशिवाय कळत नाही. सांगायचं एवढंच, की मी दोन्ही गावचं पाणी प्यायलोय.

आधी दोन्ही गाड्यांचा स्वभाव बघू. तुम्ही नॉक्सव्हिलला बघता त्या गाडीत ४१० घनइंचांचं व्ही-एट इंजिन असतं. ताकद ९०० हॉर्सपॉवरच्या आसपास आणि वजन ड्रायव्हरसकट साधारण साडेसहाशे किलो. क्लच नाही, गिअरबॉक्स नाही, स्टार्टरसुद्धा नाही. मागून ट्रकने ढकललं की इंजिन सुरू होतं. इंधन मेथॅनॉल. डोक्यावर २५ चौरस फुटांचं विंग. मागचा अ‍ॅक्सल सलग, दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल त्यात नाही, आणि उजवीकडचा मागचा टायर डावीकडच्यापेक्षा घेराला कित्येक इंच मोठा. त्यामुळे या गाडीला सरळ जायचंच नसतं, तिला सतत डावीकडे वळायचं असतं. ड्रायव्हर तिला स्टिअरिंगने कमी आणि उजव्या पायाने जास्त वळवतो. पाय दाबला की मागचा भाग बाहेर जातो, नाक आत येतं आणि गाडी आडवी होऊन वळणभर घसरत राहते. वळण डावीकडे, स्टिअरिंग उजवीकडे. हे ज्याच्या अंगात मुरलंय त्याला बाकीची कुठलीही गाडी आधी मेल्यासारखीच वाटते.

कपची गाडी अगदी उलट्या स्वभावाची. २०२२ साली जी नवी गाडी आली, तिचं वजन ड्रायव्हर आणि इंधन धरायच्या आधीच साधारण १,४५० किलो भरतं. ताकद बहुतेक ट्रॅकवर ६७० हॉर्सपॉवर ठेवलेली होती. स्प्रिंट कारमध्ये एका हॉर्सपॉवरच्या वाट्याला पाऊण किलोही येत नाही, इथे दोन किलोंहून जास्त येतं. मागच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, पाच गिअरचा सीक्वेन्शियल गिअरबॉक्स, १८ इंची चाकं आणि त्यांवर बुटके टायर. टायरची बाजू बुटकी असली की तिला लवचीकपणा कमी, म्हणून पकड सुटताना ती हळूहळू सुटत नाही, एकदम सुटते.

खरा घोळ इथेच आहे. मातीत टायर जमिनीत थोडा रुततो आणि सुटी माती बाजूला ढकलत जातो. त्यामुळे गाडी बरीच तिरकी असतानाच तिथे सगळ्यात जास्त पकड मिळते. डांबरावर रबर पृष्ठभागाला चिकटून काम करतं. तिथे टायर जेमतेम काही अंश तिरका झाला की पकड शिगेला पोचते. त्यापुढे गेलात तर टायर फक्त घासतो, त्याची कातडी तापते, आणि एकदा तापलेला टायर पुढचे कित्येक लॅप पूर्ववत होत नाही. मातीवर ज्या कोनात माणूस जिंकतो, डांबरावर त्याच कोनात तो टायर जाळत असतो. त्याला मात्र वाटत असतं की आपण जाम वेगात चाललोय.

आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. इथल्याच एका छोट्या डांबरी ट्रॅकवर एका मुलाची चाचणी होती. नाव सांगत नाही, पण तेव्हा स्प्रिंट कारमध्ये त्याचा बराच बोलबाला होता. गाडी लेट मॉडेल, म्हणजे स्टॉक कारच्या शिडीची खालची पायरी. पहिल्या दहा लॅपमध्ये त्याने जे केलं ते बघून भिंतीवर बसलेली पोरं शिट्ट्या मारायला लागली. शेपूट बाहेर, धूर, काउंटर स्टिअरिंग, सगळं. त्याच गाडीत नंतर गावातला एक पन्नाशीचा ड्रायव्हर बसला. तो दूध आणायला निघाल्यासारखा फिरून आला, आणि घड्याळ बघितलं तर हा म्हातारा मुलापेक्षा लॅपला बराच पुढे. मुलाचे आलेख काढले. अ‍ॅक्सिलरेटरची रेघ करवतीच्या दातांसारखी खाली-वर, आणि उजव्या मागच्या टायरचं तापमान दर लॅपला चढतंच आहे.

दुपारी त्याला सांगितलं, वळणाच्या बऱ्याच आधी पाय काढ, गाडीला गप बसू दे आणि स्टिअरिंग सरळ होईपर्यंत पाय पुन्हा लावू नकोस. त्याने केलं. परत आला तो वैतागूनच. म्हणाला, हे काय चालवणं झालं, मी तर झोपलोच होतो. तो त्याचा दिवसातला सगळ्यात वेगवान लॅप होता. त्याने आमच्याकडे घड्याळ तपासून मागितलं. खरंच तपासून मागितलं!

सांगून कळायला त्याला एक दुपार लागली. अंगात उतरायला दीड वर्ष लागलं. एकटा असताना तो नीट चालवायचा. शेजारी दुसरी गाडी आली, मागून दबाव आला, की पाय आपोआप जुन्या सवयीवर जायचा. घाईच्या वेळी माणूस आईच्या भाषेत बोलतो, तसंच आहे हे.

ब्रेकचंही तेच. विंगवाल्या स्प्रिंट कारमध्ये चांगल्या ओल्या ट्रॅकवर ब्रेकला फारसं काम नसतं, गाडी आडवी करणं हाच ब्रेक. मार्टिन्सव्हिलला या, ०.५२६ मैलांचा ट्रॅक, त्यावर ५०० लॅप. म्हणजे जवळजवळ हजार वेळा करकचून ब्रेक मारायचा, आणि तरी शेवटच्या पन्नास लॅपसाठी तो जपून ठेवायचा. संध्याकाळ झाली की चाकांतून डिस्क लालभडक दिसतात. मातीवरून आलेला मुलगा पहिल्या शंभर लॅपमध्येच ब्रेक खाऊन मोकळा होतो.

आता ज्याबद्दल बाहेर फारसं कुणी बोलत नाही ते सांगतो. मातीवरचा ट्रॅक दर पंधरा मिनिटांनी बदलतो. संध्याकाळी पाणी मारून ठेवलेला ओला, काळा. रात्री नऊपर्यंत मधला भाग घासून गुळगुळीत, आणि वर भिंतीच्या कडेला सुट्या मातीचा बांध, ज्याला सगळे कुशन म्हणतात. गाडी ट्रॅकप्रमाणे बदलत बसायला तिथे वेळच नसतो. विंग पुढेमागे सरकवायचा एक लिव्हर हाताशी असतो, बाकी सगळं ड्रायव्हरने स्वतःला बदलून भागवायचं. वरून जा, खालून जा, पाय लवकर लाव, उशिरा लाव. हीच त्यांची कला आहे, आणि ती बघायला आपण तिकीट काढतो.

स्टॉक कारच्या इंजिनिअरला मात्र असा ड्रायव्हर सुरुवातीला डोकेदुखी असतो. गाडी बिघडलेली असेल तरी तो ती चालवून दाखवतो! रेडिओवर विचारावं, गाडी कशी आहे, तर म्हणतो बरी आहे. बरी म्हणजे काय? आम्हाला हवं असतं की वळणात शिरताना सुटते का, मधे पुढचा भाग न वळता बाहेर ढकलला जातो का, बाहेर पडताना मागचा टायर फिरतो का, आणि हे कितव्या लॅपपासून सुरू झालं. तेवढ्यावरून क्रू चीफ पुढच्या पिट स्टॉपला टायरच्या हवेत अर्धा पौंड कमीजास्त करणार किंवा मागच्या काचेतून पाना घालून वेजचा, म्हणजे स्प्रिंगवरचा दाब बदलणारा, स्क्रू थोडासा फिरवणार. ५०० मैलांच्या शर्यतीत असे सात-आठ छोटे फेरफार होतात आणि शर्यत त्यांवर जिंकली जाते. ड्रायव्हरने दोष झाकून नेला तर गाडी सुधारणार कशी? चांगला मातीवाला हे बोलायला शिकतो तेव्हाच आमच्याकडे कुजबुज सुरू होते, की हा टिकणार.

बोलण्याचीही सवय नसते त्यांना. तुम्ही नॉक्सव्हिलला पाहिलं असेल, आतल्या बाजूला क्रूचा माणूस दोन काठ्या धरून उभा असतो. काठ्या जवळ म्हणजे मागचा जवळ आलाय, लांब म्हणजे निवांत जा. तीस लॅपच्या शर्यतीत टीमशी एवढाच संवाद. इथे स्टँडच्या छतावर उभा असलेला स्पॉटर सतत कानात असतो. आत गाडी आहे, दाराशी आहे, निघाली, वर जागा आहे. अधूनमधून क्रू चीफ बोलतो. मध्येच इंधन वाचव म्हणतात. एक मुलगा मला म्हणाला होता, पहिला महिनाभर स्पॉटर बोलला की माझा पाय आपोआप सुटायचा.

आणि पिट रोड. स्प्रिंट कारच्या शर्यतीत असले पिट स्टॉप नसतातच. कपच्या गाडीत स्पीडोमीटर नसतो, पिट रोडवर मात्र वेगमर्यादा काटेकोर असते. इंजिनचे फेरे आणि डॅशवरचे दिवे बघून वेग साधायचा, तोही मर्यादेच्या अगदी काठावर, कारण सावकाश गेलात तर तिथेच चार जागा गेल्या. मी होतो त्या एका टीमचा नवा ड्रायव्हर एकाच शर्यतीत दोनदा याच चुकीपायी शेवटी फेकला गेला. गाडी पहिल्या दहांत येणारी होती. सोमवारच्या बैठकीत कुणी त्याला काही बोललं नाही, आणि तेच जास्त वाईट होतं.

शर्यतीच्या लांबीबद्दलही लोक बेसावध असतात. स्प्रिंट कारची मुख्य शर्यत बहुतेकदा २५ ते ४० लॅपची, नॉक्सव्हिल नॅशनल्सची अंतिम शर्यत ५० लॅपची. नॉक्सव्हिलचा लॅप पंधरा-सोळा सेकंदांत होतो, त्यावरून तुम्हीच हिशेब करा. शार्लटची कोका-कोला ६०० म्हणजे दीड मैलाच्या ट्रॅकवर ४०० लॅप, चार तासांच्या आसपास, आणि आत भट्टी. केसी केनचं उदाहरण घ्या. वॉशिंग्टन राज्यातल्या एनमक्लॉचा पोरगा, मिजेट (स्प्रिंट कारचं छोटं भावंड) आणि स्प्रिंट कारमधून वर आला, कपमध्ये १८ शर्यती जिंकला. २०१८ साली त्याच्या शरीराला उष्णता सोसेना. सप्टेंबरात डार्लिंग्टनला त्याची अवस्था इतकी वाईट झाली की ती त्याची शेवटची कप शर्यत ठरली. पुढे तो कुठे गेला? परत स्प्रिंट कारमध्ये, जिथे शर्यत लहान असते.

आता किन्झर. १९९५ साली तो चाळिशीचा होता. केनी बर्नस्टीनच्या टीमने त्याला थेट कप मालिकेत बसवलं, २६ नंबरच्या फोर्डमध्ये. मधली एकही पायरी त्याने नीट चढलेली नव्हती. आणि वेगाला तो बिचकायचा असं मुळीच नाही. आदल्याच वर्षी, १९९४ मध्ये, आयरॉक मालिकेत टॅलाडेगाची शर्यत त्याने जिंकली होती. आयरॉकमध्ये सगळ्यांना एकसारख्या तयार केलेल्या गाड्या मिळायच्या, समोर नॅसकारचेच मातब्बर असायचे, आणि टॅलाडेगा म्हणजे २.६६ मैलांचा, ३३ अंश उताराच्या वळणांचा ट्रॅक. माणूस घाबरणारा किंवा अडाणी असता तर तिथे जिंकला नसता.

मग घोडं अडलं कुठे? मी तेव्हा तिथे नव्हतो, म्हणून हा माझा तर्क समजा. आयरॉकमध्ये गाडी दुसऱ्याने सज्ज करून दिलेली असते, ड्रायव्हरने फक्त चालवायची. कपमध्ये गाडी बोलून घडवायला लागते, दर आठवड्याला वेगळ्या ट्रॅकवर, आणि मैदानात जागा मिळवायला आधी पात्रता फेरीत एकाच लॅपमध्ये सगळं काढावं लागतं. नवख्याला यात वर्ष-दोन वर्षं लागतातच. पण जो माणूस आपल्या खेळाचा राजा म्हणून आणला गेलाय त्याला वर्ष कोण देणार? प्रायोजकाला पहिल्या महिन्यात निकाल हवा. किन्झर त्याच वर्षी आउटलॉजकडे परतला आणि २००५ पर्यंत विजेतेपदं मिळवत राहिला. म्हणजे हात शाबूत होता.

त्याच्या पाठोपाठ आलेला डेव्ह ब्लेनी हा मधला नमुना. १९९५ चा आउटलॉज विजेता, १९९७ चा नॉक्सव्हिल विजेता. तो आधी बुश मालिकेत, म्हणजे कपच्या खालच्या दुसऱ्या फळीत, शिकला आणि मग २००० साली कपमध्ये पूर्णवेळ आला, पण तोवर वय ३७ झालेलं. कपमध्ये ४७३ शर्यती केल्या, विजय एकही नाही. लोक याला अपयश म्हणतात. मला ते पटत नाही. त्या गर्दीत ४७३ वेळा जागा मिळवणं ही गंमत नाही. पण वरच्या दर्जाच्या गाड्या त्याला क्वचितच मिळाल्या, आणि उशिरा आलेल्यासाठी कुणी त्या राखून ठेवत नाही. त्याचा मुलगा रायन मात्र लहानपणापासून डांबरावरच वाढला आणि २०२३ मध्ये कपचा विजेता झाला. बापाने काय ओळखलं होतं ते यातून दिसतं.

जेफ गॉर्डनच्या घरच्यांनी ते आणखी आधी ओळखलं. पोरगा कॅलिफोर्नियाचा, पण कमी वयात स्प्रिंट कार चालवता यावी म्हणून कुटुंबच इंडियानाला हललं. १९९० मध्ये तो रॉकिंगहॅमला बक बेकरच्या ड्रायव्हिंग शाळेत स्टॉक कार शिकायला गेला. १९९१ आणि १९९२ ही दोन वर्षं बुश मालिकेत, तिथे आपटणं, धडकणं सगळं झालं, आणि १९९२ च्या शेवटी अटलांटाला पहिली कप शर्यत. वय २१. पुढे चार विजेतेपदं आणि ९३ विजय. टोनी स्टुअर्टने तर १९९५ मध्ये यूएसॅक या शर्यत संघटनेच्या मिजेट, स्प्रिंट आणि सिल्व्हर क्राउन या तिन्ही मालिका एकाच मोसमात जिंकल्या होत्या. तरी तो १९९९ पर्यंत कपमध्ये पूर्णवेळ आला नाही. मधे इंडीकार, मधे बुश. आला तेव्हा पहिल्याच मोसमात तीन शर्यती जिंकल्या.

माझं आवडतं उदाहरण मात्र स्प्रिंट कारमधूनच आलेल्या रिकी स्टेनहाउसचं. २०१० साली दुसऱ्या फळीच्या मालिकेत त्याने इतक्या गाड्या मोडल्या की टीमने त्याला काही काळ खाली बसवलं. हे कपमध्ये झालं असतं तर गाशाच गुंडाळला असता. खाली झालं म्हणून संधी परत मिळाली, आणि २०११, २०१२ अशी सलग दोन वर्षं तो त्याच मालिकेचा विजेता झाला. २०२३ मध्ये डेटोना ५०० जिंकला.

लार्सनकडे या नजरेने बघा. चौदाव्या वर्षापासून स्प्रिंट कार. २०११ मध्ये ओहायोतल्या एल्डोराच्या मातीच्या ट्रॅकवर एका रात्रीत यूएसॅकच्या तिन्ही राष्ट्रीय मालिकांच्या शर्यती जिंकल्या. त्या रात्रीनंतर त्याला थेट कपमध्ये बसवायचा मोह कुणालाही झाला असता. टीममालक चिप गनासीने तसं केलं नाही. २०१२ मध्ये तो के अँड एन ईस्ट या खालच्या मालिकेत डांबर शिकला, आणि तीही जिंकली. २०१३ दुसऱ्या फळीत, २०१४ पासून कप. एवढं करूनही कपमधला पहिला विजय यायला ऑगस्ट २०१६ उजाडला, मिशिगनला, ९९ व्या शर्यतीत. आपल्या पिढीतला सगळ्यात गुणी हात, आणि त्यालासुद्धा ९९ शर्यती लागल्या!

मग २०२० आलं. ऑनलाइन शर्यतीत वर्णद्वेषी शब्द वापरल्याबद्दल नॅसकारने त्याला निलंबित केलं, टीमने काढून टाकलं, आणि ते रास्तच होतं. त्या वर्षी तो मातीवर परतला आणि ४६ शर्यती जिंकला. २०२१ मध्ये हेंड्रिकच्या टीमने घेतलं, त्याने दहा विजय मिळवून कप जिंकला, आणि त्याच ऑगस्टमध्ये शनिवारी रात्री नॉक्सव्हिल नॅशनल्सही. दुसऱ्या दिवशी इंडियानापोलिसच्या रोड कोर्सवर तो तिसरा आला. तुम्ही त्या रात्री नॉक्सव्हिलच्या स्टँडमध्ये असाल तर मला तुमचा हेवा वाटतो.

आता उशिरा मिळणारं फळ म्हणजे काय ते सांगतो. डार्लिंग्टन, होमस्टेड असे जुने, खरबरीत डांबराचे ट्रॅक घ्या. वीस लॅपनंतर टायर संपतो आणि गाडी सगळीकडे घसरायला लागते. डांबरावर वाढलेला ड्रायव्हर तेव्हा गाडी वाचवत असतो. मातीवाल्याला मात्र माहेरी आल्यासारखं वाटतं. घसरत्या ट्रॅकवर पायाने किती द्यायचं हे त्याच्या तळव्यालाच माहीत असतं. लार्सन होमस्टेडला भिंतीपासून वीतभर अंतरावरून जातो, ती कुशनवर चालवायचीच सवय आहे. तिथे तो २०२२ आणि २०२५ मध्ये जिंकला, डार्लिंग्टनची सदर्न ५०० त्याने २०२३ मध्ये मारली. २०२४ च्या सप्टेंबरात ब्रिस्टलला ५०० पैकी ४६२ लॅप तो पुढे होता. पण हे सगळं तो डांबराची शिस्त शिकल्यानंतरचं आहे. त्या शिस्तीशिवाय तीच चाल भिंतीत जाते.

एक गंमत सांगायची राहिली. जन्मभर डावीकडे वळलेली ही मंडळी उजवीकडेही वळणाऱ्या रोड कोर्सवर मार खातील असं वाटतं. प्रत्यक्षात नॅसकारमध्ये रोड कोर्सचे सगळ्यात जास्त विजय गॉर्डनचे, नऊ. त्याच्या मागे स्टुअर्ट, आठ. माझा अंदाज असा की गाडी पायाने वळवता येणाऱ्याला वळण कुठल्या बाजूचं आहे याने फार फरक पडत नाही. आपल्या नारायण कार्तिकेयनची वाट उलटी होती, तो फॉर्म्युला वनमधून येऊन २०१० मध्ये नॅसकारच्या ट्रक मालिकेत, म्हणजे तिसऱ्या फळीत, मार्टिन्सव्हिलला पहिल्याच शर्यतीत तेरावा आला होता.

पैशाचं थोडक्यात. ट्रक किंवा दुसऱ्या फळीच्या मालिकेत एक मोसम चालवायला लाखो डॉलर लागतात आणि ते बहुतेकदा ड्रायव्हरने प्रायोजकाकरवी आणायचे असतात. मातीवरच्या मुलाच्या घरी ते नसतात. म्हणून वरच्या कुणीतरी त्याचा हात धरावा लागतो. ख्रिस्टोफर बेल ओक्लाहोमाचा, २०१३ चा मिजेट विजेता, त्याला टोयोटाने उचललं. २०१७ मध्ये ट्रक मालिका जिंकली, मग दोन वर्षं दुसऱ्या फळीत, मग कप. चेस ब्रिस्को तर इंडियानाच्या स्प्रिंट कार घराण्यातला असूनही इथे येऊन लोकांच्या सोफ्यावर झोपायचा आणि वर्कशॉपमध्ये फुकट काम करायचा. २०१६ ला आर्का ही स्टॉक कारची खालची मालिका जिंकला तेव्हा दार उघडलं. ज्यांचा हात कुणी धरला नाही अशी पाच-सहा चांगली पोरं मला माहीत आहेत. त्यांची नावं तुम्ही ऐकलेली नसणार.

आणि यायलाच हवं असंही आता राहिलेलं नाही. ब्रॅड स्वीट दुसऱ्या फळीत थोडा काळ होता, जमलं नाही, परत गेला आणि २०१९ ते २०२३ सलग पाच वर्षं आउटलॉजचा विजेता झाला. आज त्याची आणि लार्सनची मिळून हाय लिमिट ही स्प्रिंट कार मालिका आहे. रिको अब्रेयू २०१६ मध्ये ट्रकचा पूर्ण मोसम चालवून परतला, आणि मातीवर तो किती सुखात आहे ते दिसतंच. २०२३ च्या एल्डोरा मिलियनमध्ये लोगन शुकार्टने एका रात्रीत दहा लाख डॉलरहून जास्त जिंकले. कपमधल्या शेवटच्या दहा गाड्यांतल्या एखाद्या ड्रायव्हरला विचारा, त्याला ती अदलाबदल चालेल का.

पुढच्या ऑगस्टला नॉक्सव्हिलला जाल तेव्हा अंतिम शर्यत सगळेच बघतात, तुम्ही शनिवारची बी-मेन, म्हणजे अंतिम शर्यतीतल्या उरलेल्या जागांसाठीची शर्यत, नीट बघा. तेवढ्यात ट्रॅक काळा, चकचकीत झालेला असतो. सगळे वर कुशनकडे धावतात. एखादाच खाली राहतो, गाडी जवळजवळ सरळ ठेवतो, लवकर पाय काढतो आणि कुणाला कळायच्या आत दोन-तीन जागा वर येतो. बघायला कंटाळवाणा वाटेल. त्याचं नाव आणि वय लिहून मला पाठवा. विशीच्या आतला असेल तर मी इथे दोघाचौघांच्या कानावर घालतो.